उतारावर सोडून दिलेली गाडी

(एका सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. बाकी बोलणे तसेच ठेवले आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)

आत येताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बाहेरच्या रस्त्यावर गाड्या लावल्यात. तो रस्ता उताराचा आहे, हे किती जणांच्या लक्षात आलं? हात वर नका करू, मी येताना बघत आलोय. बहुतेक गाड्यांची पुढची चाकं सरळ आहेत. म्हणजे हँडब्रेक ओढला, दार लावलं, चाललो. व्याख्यान संपेपर्यंत त्या तिथेच असतील, काळजी नसावी. पण का असतील, आणि कधी नसतील, हे आज बघू.

मी बरीच वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. आमच्याकडे येणारा माणूस चढावर गाडी उचलायला शिकतो. हाफ क्लच, थोडा ॲक्सिलरेटर, हँडब्रेक सोडा, सगळं घोटून घेतो आम्ही, कारण गाडी मागे गेली तर सगळ्यांसमोर फजिती होते. उतारावर गाडी सोडून कसं जायचं, हे मात्र दोन मिनिटांत उरकलं जातं. मीही उरकायचो.

एका गणपतीत आम्ही मावशीच्या गावी गेलो होतो, रत्नागिरीकडे. घरापर्यंत चिऱ्याचा उतार, पावसाने बुळबुळीत झालेला. गाडीचं तोंड खाली. हँडब्रेकची केबल सैल झाली होती आणि हे मला महिनाभर माहीत होतं. पण गिअरमध्ये टाकली की गाडी हलायची नाही, म्हणून गॅरेजला नेणं राहून गेलं. रिव्हर्स टाकला, हँडब्रेक नावापुरता ओढला आणि जेवायला गेलो. मावसभावाचा सात वर्षांचा मुलगा गाडीत जाऊन बसला. मुलं ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळतात तसं. सीटच्या टोकाला सरकून त्याने पाय लांब केले आणि डावीकडचं पेडल खाली दाबलं.

क्लच दाबला म्हणजे काय झालं? इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटला. गाडीला धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, तीच सुटली. गाडी खाली गेली आणि गडग्याला धडकून थांबली. गडग्याच्या पलीकडे खालच्या घराचं अंगण होतं आणि तिथे पंगतीची पानं मांडत होते. मुलाला काही झालं नाही. तो रडत म्हणत होता, "काका, मी चावी नाही फिरवली." खरंच नव्हती फिरवली. चावी माझ्या खिशात होती.

तर आता गणित. सोपं आहे. हजार किलोची गाडी, म्हणजे आपली लहान हॅचबॅक, दहाला एक अशा उतारावर उभी आहे. दहा मीटर चाललं की एक मीटर खाली. तिला खाली ओढणारा जोर साधारण शंभर किलो वजनाएवढा. पाचाला एक असा उभा उतार असेल तर जवळजवळ दोनशे. पाच माणसं आणि सामान भरलं की तो आणखी वाढतो. हा जोर कधी दमत नाही. तुम्ही रात्री झोपता, तो ओढतच असतो. आणि उतार डोळ्यांना दिसायलाच हवा असंही नाही. चांगल्या डांबरी रस्त्यावर पन्नासाला एक एवढासा कलसुद्धा सुटलेल्या गाडीला चालू करायला पुरतो.

या जोराविरुद्ध आपल्याकडे तीन गोष्टी आहेत: हँडब्रेक, गिअर आणि चाकाला लागलेली अडवणूक, मग ती फुटपाथची कड असो नाहीतर दगड. तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी निकामी होतात, म्हणून तिन्ही लावायच्या. एक असली म्हणजे दुसरी नको, असं आपण करतो. मी तेच केलं होतं.

हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या दोन चाकांवर चालतो, तोही केबलने. तुमच्या हाताचा जोर लिव्हर वाढवते, केबल तो मागे नेते, आणि ड्रममधले ब्रेक शू बाहेर फाकून ड्रमला घट्ट बसतात. केबल ताणली जाते, शू झिजतात, आणि हे इतकं हळूहळू होतं की कळत नाही. मोजायचं कसं? ओढताना कट-कट आवाज येतो ना, ते दाते मोजा. तुमच्या गाडीला किती हवेत ते गाडीच्या पुस्तकात असतं. कालपर्यंत पाच-सहाला घट्ट होणारा ब्रेक नऊवर जायला लागला, तर तो तुम्हाला काहीतरी सांगतोय.

आता गिअर. गिअर गाडीला कसा काय धरतो? गिअरमध्ये असताना चाक फिरायचं तर त्याला इंजिन फिरवावं लागतं. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे साधारण बारा ते पंधरा फेरे होतात. बंद इंजिनच्या सिलेंडरमधली हवा दाबत दाबत एवढे फेरे द्यायचे, तेही उलट्या बाजूने, म्हणजे चाकाकडून. जड जातं. टॉप गिअरमध्ये तेच तीन-चार फेरे, म्हणून टॉपमध्ये टाकून ठेवलेली गाडी नीट धरत नाही. पण ही अडवणूक हवेची आहे, लोखंडाची नाही. पिस्टनच्या रिंगांमधून दाबलेली हवा हळूहळू झिरपते. उभ्या चढावर फक्त गिअरवर ठेवलेली जुनी गाडी बघा. बराच वेळ गप्प राहील, मग टक करून थोडी सरकेल, पुन्हा गप्प. एका सिलेंडरचा दाब सुटला, दुसऱ्याने धरलं.

कोणता गिअर? तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. यामागे मला पटलेलं कारण असं: उद्या सकाळी तुम्ही, किंवा घरातलं आणखी कुणी, गिअर न बघता चावी फिरवलीत तर गाडी एक हिसका देणार. तो हिसका चढाच्या बाजूला बसला पाहिजे, उताराच्या नाही. एवढं लक्षात ठेवलंत तर पहिला की रिव्हर्स हे पाठ करायची गरज नाही.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. आपल्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे गिअरची पकडही पुढच्याच चाकांवर. त्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल आहे. वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणं हे त्याचं काम. पण त्यामुळे एक चाक सैल झालं की दुसऱ्याची पकडही गेली. पुढचं एक चाक शेवाळावर असेल तर तुमचा गिअर त्या शेवाळाएवढाच भक्कम. आणि पंक्चर काढायला उतारावर जॅक लावून पुढचं चाक उचललंत, तर ते हवेतलं चाक फिरणार आणि गिअर असून नसल्यासारखा. मागचं उचललं तर हँडब्रेकचा अर्धा भाग गेला. म्हणून उतारावर जॅक लावायचाच नाही. हळूहळू चालवत सपाट जागी न्या. टायर फाटला तर फाटू दे.

आता क्रम. माझ्या मते आजच्या बोलण्यात हाच भाग महत्त्वाचा. पायाच्या ब्रेकवर गाडी थांबवली. क्लच दाबलेला, गिअर न्यूट्रल. हँडब्रेक पूर्ण ओढला. आता पायाचा ब्रेक हळूहळू सोडा आणि थांबा. एक-दोन सेकंद. गाडी किंचित बसते, तेवढं ठीक. चालू लागली तर तुमचा हँडब्रेक गेलेला आहे आणि ते तुम्हाला आत्ता कळलं, पाय ब्रेकजवळ असताना. मग इंजिन बंद, क्लच दाबून गिअर टाका, क्लच सोडा, चावी काढा. बरेच जण उलट करतात. गिअरमध्येच इंजिन बंद करतात आणि मग हँडब्रेक ओढतात. गाडी उभी राहते, पण हँडब्रेक एकटा धरतो की नाही याची परीक्षाच होत नाही. गिअर त्याची चूक झाकत राहतो. माझ्याकडे महिनाभर झाकली होती.

चाकं कुठे वळवायची? आपण डावीकडे लावतो, तर डावीकडे फुटपाथ आहे असं धरा. तोंड उताराकडे असेल तर स्टिअरिंग डावीकडे. गाडी सुटली तर पुढे येऊन चाक लगेच कडेला टेकेल. तोंड चढाकडे असेल तर स्टिअरिंग उजवीकडे. गाडी मागे येईल, तिचं नाक डावीकडे वळेल आणि त्या चाकाची मागची बाजू कडेला टेकेल. मला विचाराल तर सुटायची वाटच बघू नका, गाडी अलगद टेकवूनच ठेवा. चाकं वळवायची ती शेवटचा हातभर गाडी सरकत असताना, उभ्या गाडीची नाही.

फुटपाथ नसेल, म्हणजे आपले घाट आणि गावं, तिथे प्रश्न वेगळा. डावीकडे डोंगर आणि गटार असेल तर तोंड कुठेही असो, स्टिअरिंग डावीकडे. सुटलेली गाडी रस्त्यावर न येता डोंगराकडे जाईल. पण परतीच्या वाटेवर तुमच्या डावीकडे दरी येते, आणि पुस्तकातला डावीकडचा नियम तिथे तुम्हाला दरीत घालेल. म्हणून दरीच्या बाजूला उतारावर गाडी लावूच नका. फोटो पुढच्या रुंद जागी काढा.

दगडाचं काय? जरूर लावा. तोंड चढाकडे असेल तर मागच्या चाकांच्या मागे, उताराकडे असेल तर पुढच्या चाकांच्या पुढे. गोटा नको, तो गाडीबरोबर गडगडतो. सपाट बुडाचा हवा आणि टायरला भिडवून हवा. डिकीत लाकडाचे दोन तिरके ठोकळे ठेवलेत तर सगळ्यात उत्तम. निघताना गाडी आधी किंचित चढाकडे घ्या, ब्रेक दाबून धरा, मग दुसऱ्याने दगड काढायचा. गाडी टेकलेली असताना दगड ओढायला कुणाला वाकवू नका. आणि दगड उचलून कडेला टाका, मंडळी! घाटात रस्त्याच्या मधोमध पडलेले दगड बघितलेत ना? बंद पडलेल्या ट्रकला लावलेले असतात, ट्रक जातो, दगड राहतो, आणि रात्री त्यावर मोटरसायकलवाला येतो. स्वतःची गाडी वाचवायला लावलेला दगड दुसऱ्याचा जीव घेतो, याचा मला फार राग येतो.

तापलेल्या ब्रेकबद्दल थोडक्यात. पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईत आलात, सगळा घाट ब्रेकवर उतरलात आणि थोड्याशा कलावर गाडी लावलीत. मागे डिस्क ब्रेक असतील तर तापलेली डिस्क फुगलेली असते, हँडब्रेक तिच्यावर घट्ट वाटतो. ती गार होते, आकसते आणि पकड ढिली होते. दहा-पंधरा मिनिटांनी कुणीही हात न लावता गाडी निघते. मागे ड्रम असेल तर उलट, ड्रम आकसून शूवर आणखी घट्ट बसतो. तुमच्या गाडीला मागे काय आहे ते माहीत करून घ्या, आणि घाट गिअरवर उतरा.

कायदाही हेच सांगतो बरं का. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२६. चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद हवं आणि गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी व्यवस्था, ब्रेक लावून किंवा अन्य उपायांनी, केलेली हवी. म्हणजे "मी हँडब्रेक ओढला होता" एवढं पुरेसं नाही, गाडी हलली नाही पाहिजे.

आणि तरीही सुटलीच तर? मागे धावू नका. दहाला एकच्या उतारावर सुटलेली गाडी पाच सेकंदांत ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास पोचते. हजार किलो वजन आहे ते, दोन्ही हात लावून थांबत नाही. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये तर मुळीच जाऊ नका. ओरडा, खालच्या लोकांना बाजूला करा. पत्रा दुरुस्त होतो.

प्रश्न: आमची गाडी पावसाळ्यात दोन-तीन आठवडे उभीच असते. हँडब्रेक लावून ठेवला तर जाम होतो, म्हणून लावू नका असं मेकॅनिक सांगतो.

मेकॅनिक बरोबर सांगतो, पण तो सपाट पार्किंगबद्दल बोलतोय. दमट हवेत ड्रम गंजतो आणि शू त्याला चिकटतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा, दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, हँडब्रेक सोडून द्या. उतारावर हे चालणार नाही. एवढे दिवस ठेवायची असेल तर जागाच सपाट शोधा. नसेलच मिळत, तर हँडब्रेक लावून ठेवा आणि चिकटला तर गॅरेजचं बिल भरा.

प्रश्न: नव्या गाडीत लिव्हर नाही, बटण आहे. तिथे तुम्ही सांगितलेली परीक्षा कशी घ्यायची?

तशीच. बटण ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पायाचा ब्रेक हळूहळू सोडा आणि बघा. दाते मोजता येत नाहीत, पण डॅशबोर्डवरचा दिवा लागला का ते बघायची सवय लावा. गिअर आणि वळवलेली चाकं तिथेही हवीतच. बटण असो नाहीतर लिव्हर, उतार तोच आहे.

चला, आता बाहेर जाताना आपापल्या गाडीची चाकं एकदा बघून घ्या. आणि त्या निळ्या गाडीच्या मागे कुणीतरी वीट लावली आहे, ती जाताना उचलून ठेवा.