अंगणवाडीची खोली आणि टोळीची पोरं



या पानावर आम्ही एरवी लागण, खते आणि खोडव्याचे लिहितो. आजचा विषय वेगळा वाटला तरी उसाच्या फडाबाहेरचा नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्या आपल्या गावी उतरतात. पहाटे नवरा-बायको कोयता घेऊन फडात गेली की तीन-चार वर्षांचं पोर एक तर कोपीवर थोरल्या बहिणीच्या कडेवर, नाही तर बांधाला पाचटावर. पाचटात इचू-काटा असतो, शेजारी ट्रॅक्टर मागे-पुढे होत असतो. गावात अंगणवाडी आहे, पण पुष्कळ ठिकाणी तिची फरशी उखडलेली आणि शौचालयाला कुलूप. गावचीच मुलं कशीबशी बसतात, त्यात टोळीची दहा-वीस कुठे बसवू, असे सेविकाबाई विचारतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही.

ही खोली सुधारायला अनुदान मिळते, हे बऱ्याच सभासदांना ठाऊक नसते. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. पुढे ती ‘सक्षम अंगणवाडी व पोषण 2.0’ मध्ये आली, तेव्हा शौचालयाची रक्कम 12,000 वरून 36,000 रुपये आणि पिण्याच्या पाण्याच्या सोयीची 10,000 वरून 17,000 रुपये झाली. मागणी सेविका व पर्यवेक्षिकेमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जाते. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारायला लाजू नये. आपल्यातलेच कितीतरी जण पंचायतीत सदस्य आहेत.

पैसा आला की पहिली धाव रंगरंगोटी आणि पडद्याकडे असते. आमचे मत स्पष्ट आहे : आधी फरशी, पाणी, शौचालय आणि रस्त्याच्या अंगाला कुंपण, मग भिंतीवर हत्ती-घोडे काढा. खेळणी तर फार महाग लागतच नाहीत. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, माती हीच त्यांची साधने.

टोळीचा तळ कुठे पडतो हे बहुतेक वेळा जागा देणारा सभासदच ठरवतो. पाण्याची सोय पाहून आपण जागा देतो, ते बरोबरच. पण दोन जागांत निवड असेल तर अंगणवाडीला जवळची द्यावी. तीन वर्षांचं पोर दीड मैल चालत जाणार नाही, आणि सोडायला आई मोकळी नसते.

स्थलांतरित कुटुंबातील मुलाला पोचेल त्या गावच्या अंगणवाडीत नाव घालून आहार मिळू शकतो. त्यासाठी आईने निघण्यापूर्वी आपल्या गावच्या सेविकेला सांगून ठेवावे, म्हणजे पोषण ट्रॅकरवर तशी नोंद होते. करार करतानाच मुकादमाच्या कानावर हे घालावे.

ज्या गावाला खोलीची दुरुस्ती करायची आहे, त्यांनी विषय 15 ऑगस्टच्या ग्रामसभेतच घ्यावा. बॉयलर पेटल्यावर कुणालाच सवड नसते. टोळी उतरल्यावर सहा वर्षांखालील मुलांची यादी गट ऑफिसच्या चिटबॉयकडे द्यावी, ती आम्ही सेविकाबाईंना पोचती करू.