पान्याआधी ऊब

मुंबईतल्या एखाद्या जुन्या डिझेल स्विफ्टचे चारपैकी तीन ग्लो प्लग मेलेले असले, तरी मालकाला वर्षानुवर्षं त्याचा पत्ता लागत नाही. सकाळी सेल्फ मारला की गाडी सुरू. तीच गाडी डिसेंबरात नाशिकजवळच्या थंडगार निफाडला मुक्कामी गेली, की पहाटे सेल्फ नुसता फिरत राहतो, मागून पांढरा धूर येतो आणि इंजिन कसंबसं एक-दोन सिलिंडरवर थडथडत उठतं. मग गॅरेजवाला सांगतो, हीटर प्लग गेलेत, बदलू या. पण दहा वर्षं कुणाचा हात न लागलेला तो प्लग जागचा हलायलाच तयार नसतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि मग तिच्यात इंधन फवारायचं. याच तत्त्वावर रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथं यशस्वीपणे चाललं. हवा सतरापट दाबली, तर कागदावरच्या हिशेबानं तिचं तापमान 600 अंश सेल्सियसच्या वर जातं. प्रत्यक्षात थंड इंजिनात तेवढं मिळत नाही. सेल्फवर फिरताना पिस्टनची चाल संथ असते, रिंगांच्या फटीतून हवा निसटते आणि गारठलेलं धातूचं हेड उष्णता शोषून घेतं. डिझेल 210 अंशांच्या आसपास आपोआप पेटू शकतं हे खरं, पण इंजिनात त्याला सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पेटायचं असतं. त्यासाठी हवा त्याहून बरीच गरम लागते.

ही तूट ग्लो प्लग भरून काढतो. पेन्सिलीसारख्या बारीक धातूच्या नळीत तापणारी तार आणि तिच्याभोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, एवढाच त्याचा संसार. ही पूड वीज अडवते, उष्णता मात्र बाहेर जाऊ देते. किल्ली फिरवल्यावर काही सेकंदांत टोक साधारण 850 ते 1000 अंशांपर्यंत लाल होतं आणि डिझेलचा फवारा त्याच्या जवळून जाताना पेटतो.

1998 मध्ये आलेल्या पहिल्या इंडिकाच्या डिझेल इंजिनात इंधन आधी एका छोट्या कोठडीत फवारलं जाई. त्या कोठडीच्या भिंती उष्णता खातात, म्हणून तिला बऱ्यापैकी उबदार हवेतही प्लगची गरज भासे. प्लग गेला की मालकाला त्याच आठवड्यात कळे. पुढे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी इंजिनं आली. फियाटचं 1.3 मल्टिजेट त्यांतलं आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं. पुण्याजवळ रांजणगावला ते तयार झालं, पुंतो आणि इंडिका व्हिस्टात बसलं आणि परवान्यानं मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्येही गेलं. अशी इंजिनं पारा पाच अंशांच्या वर असेल, तर बहुधा प्लगशिवायही उठतात. माझ्या मते हीच सोय मुळावर येते. प्लग केव्हा मेला ते कळत नाही, तो कुणी काढत नाही आणि न काढलेला प्लग हळूहळू हेडशी एकजीव होतो. मारुतीनं 2020 मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे रस्त्यावरच्या या सगळ्या गाड्या आता जाम प्लगच्या वयात आल्या आहेत.

जाम होण्याची कारणं दोन. वरच्या बाजूला पोलादी प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आट्यांनी बसलेला असतो. दोन वेगळे धातू आणि त्यात पाण्याचा अंश, की गंजाला आयतं निमंत्रण. खालच्या बाजूला टोक आणि भोक यांच्यामधल्या अरुंद फटीत काजळी साचते आणि भाजून दगडासारखी कडक होते. आटे सैल झाले तरी ही काजळी टोकाला धरून ठेवते.

अशा वेळी हात आपोआप लांब पान्याकडे जातो, पान्यावर पाइप चढवला जातो. इथं थोडा हिशेब करू. 10 मिलिमीटर आट्यांचा प्लग साधारण 35 न्यूटन-मीटरच्या पिळाला तुटतो आणि 8 मिलिमीटरचा तर 20 लाच. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 20 न्यूटन-मीटर म्हणजे जेमतेम आठ किलोंचा जोर. मनगटाला तो जाणवतही नाही. म्हणून टॉर्क पाना हवाच, आणि तो उलट्या दिशेनंही माप दाखवणारा हवा. पुष्कळसे पाने फक्त आवळताना ‘टक्’ करतात.

तुमच्या बाजूनं आहे ती उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन 25 अंशांवरून 85 अंशांवर गेलं, की 10 मिलिमीटरचं भोक प्लगपेक्षा सहा-सात मायक्रॉननं जास्त मोठं होतं. म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा भाग, पण अडकलेल्या आट्यांना तेवढा पुरतो. म्हणून हे काम निफाडच्या थंडीत काढण्याऐवजी मे महिन्यात काढावं. तेव्हा मेलेल्या प्लगांवरही गाडी सुरू होते आणि इंजिन हवं तसं तापवता येतं.

आधी प्लगभोवतीचा खड्डा हवेनं फुंकून साफ करा. गंज सोडवणारं पातळ तेल बुडाशी सोडा आणि काही दिवस गाडी रोजच्यासारखी चालवा. तापण्या-निवण्यात तेल आत झिरपतं. प्लगची वायर काढून मल्टीमीटर लावा. जिवंत प्लगचा रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, मेलेल्यात मंडल तुटलेलं दिसतं. जिवंत पण घट्ट प्लगला वेगळ्या वायरनं काही मिनिटं वीज दिली, तर टोकाभोवतीची काजळी ढिली होते. मात्र प्लगवरचा व्होल्टेजचा आकडा आधी वाचा, कारण काही नवे प्लग 12 व्होल्टवर लगेच जळतात. मग गरम इंजिनावर, हात जपून, मर्यादेच्या खालच्या मापानं पाना फिरवा. पाव फेरा हलला की थोडं मागे आवळा, पुन्हा तेल, पुन्हा सोडा. करकर वाढली तर थांबा.

प्लग निघाल्यावर भोक रीमरनं साफ करायचं, रीमरच्या खाचांत ग्रीस भरून, म्हणजे काजळी ग्रीसला चिकटते आणि सिलिंडरमध्ये पडत नाही. ही पायरी गाळू नये. प्लग आट्यांनी नाही, तर निमुळत्या बैठकीनं दाब अडवतो. तिथं काजळी राहिली की दाब गळतो. नवा 8 मिलिमीटरचा प्लग 10 न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे तुटण्याच्या मापाच्या निम्म्यानं.

एवढं करूनही तुटलाच, तर घरचं काम संपलं. खास जिग लावून पोखरून काढणारे कारागीर असतात. तेही नाही जमलं, तर हेड उतरवावं लागतं, आणि चार प्लगांच्या किमतीपुढे तो खर्च कितीतरी मोठा असतो. चारही प्लग एकदम बदला, हा नेहमीचा सल्ला म्हणूनच सहज निघणाऱ्या प्लगांपुरताच मानावा. गाडी किनारपट्टीवर राहत असेल, प्रदूषण मानकानुसार बीएस-4 किंवा त्याआधीची असेल आणि सकाळी विनातक्रार सुरू होत असेल, तर न हलणाऱ्या प्लगला तसाच राहू द्या. दुसऱ्या कारणानं हेड उतरेल तेव्हा तो काढता येईल. नाशिक-निफाडकरांना ही सवलत नाही. त्यांनी येत्या उन्हाळ्यातच मल्टीमीटर लावून पाहावा.