गेम खेळायची आवड आणि गेम बनवायचं काम

गणपतीत आरतीनंतर आमच्या कामरेजच्या सोसायटीत प्रसाद वाटप चाललं होतं. मूळचे धुळ्याचे एक शेजारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, तुम्ही सॉफ्टवेअरमधले. याला समजवा जरा. इंजिनिअरिंग नको म्हणतो, गेम बनवायचे म्हणतो." बारावीतला मुलगा मागेच उभा होता. "काका, पॅशन आहे माझी," तो म्हणाला.

त्याला 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण मला माझाच पतंग आठवला.

बीईच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही तीन मित्र पतंगाचा गेम बनवत होतो. सुरतेत राहून दुसरं काय सुचणार? पतंग झकास उडायचा. अडलं ते मांज्यावर. दोरी दाखवायची तर लहान लहान तुकडे एकमेकांना जोडायचे आणि सेकंदाला तीस-चाळीस वेळा प्रत्येक तुकड्याची जागा नव्याने काढायची. दोन पतंगांचा पेच लागला की तेव्हाचा साधा फोन गपकन थांबायचा. तो प्रश्न सोडवायला आम्ही रात्री जागलो, कारण त्यात मजा होती. पण मेनू, आवाज, स्कोअर सेव्ह करणं, वेगवेगळ्या फोनवर तपासणं ही कामं कोणालाच नको होती. कॅम्पस प्लेसमेंट सुरू झालं आणि फोल्डर बंद झालं. आवड तिघांनाही होती, अगदी भरपूर.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही गोष्ट. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड हे त्या स्टुडिओचे संस्थापक. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभारायचा प्रयत्न केला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तिथला नियम असा की पूर्ण रक्कम जमली नाही तर हातात काहीच येत नाही. तरी काम चालू राहिलं, पुढे प्रकाशक मिळाला आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये गेम निंटेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनही मिळालं. चित्रकलेचं कौतुक झालं. गेम लहान आहे, शेवट अर्धवट वाटतो, अशी टीकाही झाली. मला विचाराल तर लहान का होईना, पुरा करून विकायला ठेवला, यातच सगळं आलं.

'स्टारड्यू व्हॅली' बनवणाऱ्या एरिक बॅरोनचं नाव मुलं हमखास घेतात. एकट्याने चार-साडेचार वर्षं खपून त्याने 2016 मध्ये गेम आणला, आणि तो तुफान चालला. पण तो कॉम्प्युटर सायन्स शिकलेला होता, त्या काळात थिएटरात अर्धवेळ नोकरी करत होता, हे कोणी सांगत नाही.

हिशोबही बघावा. गोडो, ब्लेंडर फुकट मिळतात, त्यामुळे सुरुवातीला खर्च नाही. स्टीमवर गेम ठेवायला 100 डॉलर लागतात आणि विक्रीतले साधारण 30 टक्के ते घेतात. खरा खर्च म्हणजे तेवढे महिने घर कशावर चालणार, हा. आपल्याकडे ते उत्तर बहुतेक वेळा वडिलांच्या पगारात असतं, म्हणून वडील घाबरतात. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

मुलाला मी म्हटलं, फॉर्म भर. आणि दिवाळीपर्यंत एकाच स्क्रीनचा गेम पूर्ण कर, मेनू आणि आवाजासकट. पाच जणांना खेळायला दे. ते खेळताना तू एक शब्दही बोलायचा नाहीस.

धनत्रयोदशीला त्याने फाइल पाठवली. माझ्या आईच्या जुन्या फोनवर ती दुसऱ्याच मिनिटाला अडकली. मी तसं कळवलं. वाटलं, आता रुसणार. पाच मिनिटांत मेसेज आला: "काका, आजींचा फोन कुठला? रॅम किती आहे? आणि अडकला तेव्हा स्क्रीनवर नेमकं काय होतं?"