थंड हवेची वाइन आणि द्राक्षपतंग

जर्मनीतील मोझेल खोरे सुमारे 50 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील रिस्लिंग द्राक्षे सावकाश पिकतात. थंड रात्रींमुळे मॅलिक आम्ल टिकून वाइनला तरतरीत आंबटपणा येतो. मात्र पक्वता लांबल्याने घड ओलसर शरदातही वेलीवर राहतात. द्राक्षपतंगाच्या अळीने मण्याला पाडलेले छिद्र अशा वेळी बोट्रायटिस बुरशीला पुरते. (पक्व मण्यांवरील हीच बुरशी गोड वाइनसाठी हवीशी असते, अळीने पोखरलेल्या कच्च्या मण्यांत ती केवळ नासाडी करते.) म्हणून कृत्रिम कामगंधाच्या कुप्या वेलींवर टांगतात. हवेत सर्वत्र गंध पसरल्याने नराला मादी सापडत नाही. हा उपाय एकट्या बागाईतदाराला साधत नाही, कारण मीलन झालेल्या माद्या शेजारून येऊन अंडी घालतात. त्यामुळे सलग उतारावरील सर्व बागांत, पतंग उडण्यापूर्वीच, कुप्या लावल्या जातात.