पाना कुणाच्या हाती?

हरभऱ्याला पहिलं पाणी द्यायची वेळ आली की बुलडाणा जिल्ह्यात मेहकर, चिखली, खामगावच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. रात्रीच्या विजेत एखादा फेज जातो, मोटार दोन फेजवर घरघरत राहते आणि सकाळी विहिरीवर जावं तर आतली तार जळून काळी झालेली. मागच्या रब्बीत अशाच एका दुकानात बराच वेळ बसलो होतो. मिस्त्रीनं सबमर्सिबल मोटार उघडली. जळकी तार ओढून काढायच्या आधी त्यानं एका खाचेतले फेरे मोजले, तार गेजमध्ये घालून जाडी पाहिली आणि मोटारीचा मेक, एचपी, फेरे, गेज असं सगळं एका तेलकट वहीत उतरवून घेतलं. पुठ्ठा सुटलेली, दोऱ्यानं बांधलेली वही. "वीस वर्षांचा माल हाये भाऊ याच्यात," तो म्हणाला. वहीत नसलेली मोटार आली आणि तिची तार आधीच कुणी काढून टाकलेली असली, की तो मोताळ्याच्या किंवा देऊळगाव राजाच्या ओळखीच्या वाइंडरला फोन लावतो. तिकडून आकडे येतात. त्याचे पैसे कुणी मागत नाही, कारण उद्या फोन त्यालाही करायचा असतो.

संगणकवाले ज्याला सोर्स कोड म्हणतात, ती हीच वही.

तेवढ्यात एक शेतकरी पोत्यात गुंडाळून सौर पंपाचा कंट्रोलर घेऊन आला. मिस्त्रीनं डबा उलटसुलट करून पाहिला, सीलवर बोट फिरवलं आणि परत दिला. "ह्याले मी हात नाही लावत. उघडलं तं वॉरंटी जाते, आन उघडून भी आत काय समजते? कंपनीचा मानूस येईन." शेतकऱ्यानं डबा पुन्हा पोत्यात घातला. त्याचा हरभरा त्या माणसासाठी थांबणार नव्हता.

वही आणि डबा यांच्यातल्या अंतरावरून गेली चाळीसेक वर्षं जगभर भांडण चालू आहे. त्याच्या एका टोकाला मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आहे, दुसऱ्या टोकाला दुरुस्तीच्या हक्काची. गेल्या दोन-तीन वर्षांत ही दोन्ही टोकं जवळजवळ एकत्र आली आहेत. त्याचा हा आढावा, तालुक्याच्या दुकानातल्या बाकावर बसून घेतलेला.

प्रिंटर, ट्रॅक्टर आणि आगगाडी

सुरुवात एका प्रिंटरपासून झाली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास आलेल्या नव्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी स्वतःच सोय करून ठेवली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जायचा. नव्याचा सोर्स कोड मिळेना. ज्याच्याकडे होता त्यानं, गुप्ततेचा करार केलाय म्हणून, द्यायला नकार दिला. स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. त्याचं सार चार मोकळिकींत येतं: प्रोग्रॅम हवा तसा चालवा, उघडून शिका आणि बदला, दुसऱ्याला द्या, बदललेलाही द्या. इंग्रजीत 'फ्री' या शब्दावरून जो घोळ होतो तो आपल्याकडे व्हायचं कारण नाही. मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं, हे मराठीला आधीपासून ठाऊक आहे.

दुरुस्तीवाल्यांना तेव्हा या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. ट्रॅक्टर पान्यानं उघडत होता. पुढे इंजिनावर संगणक बसला आणि पाना पुरेनासा झाला. सुटा भाग बदलला तरी सॉफ्टवेअरनं त्याला ओळख द्यावी लागते, आणि ते सॉफ्टवेअर डीलरच्या लॅपटॉपवर. अमेरिकेत ट्रॅक्टरच्या मालकानं स्वतःच्या ट्रॅक्टरचं डिजिटल कुलूप काढलं तर तो कॉपीराइटचा भंग ठरू नये, यासाठी २०१५ मध्ये खास सवलत द्यावी लागली. शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा पहिला कायदा कोलोरॅडो राज्यानं केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअरवर दावा दाखल केला. दोष शोधणारं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त डीलरांना देऊन दुरुस्ती महाग केली, हा त्यातला मुख्य आक्षेप.

पोलंडमध्ये तर गाड्याच थांबल्या. नेवाग कंपनीच्या काही रेल्वेगाड्या दुसऱ्या कारखान्यात देखभालीला गेल्या आणि सगळं काम नीट होऊनही जागच्या हलेनात. कारखान्यानं तीन हॅकर बोलावले. गाडी प्रतिस्पर्धी कारखान्याच्या आवारात ठराविक दिवस उभी राहिली की ती बंद पाडायची, अशी सोय संगणकातच अक्षांश-रेखांशासह असल्याचं त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे मांडलं. कंपनीनं आरोप फेटाळला आणि शोधणाऱ्यांवरच दावे लावले. कोड वाचता आला नसता तर बोल मिस्त्रीलाच लागला असता. दोन्ही चळवळी एक का झाल्या, हे सांगायला ही एक गोष्ट पुरे.

घरचं बियाणं

बुलडाण्याच्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा वाटू नये. त्याच्या बांधावर तो बियाण्याच्या रूपानं आधीच येऊन गेला आहे. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक. चांगल्या तासांतलं राखून ठेवायचं, मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सत्तरच्या वर उगवले की पेरायला घ्यायचं. कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं. ही उगवणक्षमतेची चाचणी कृषी विभागच शिकवतो. कपाशीचं तसं नाही. २००२ मध्ये आलेली बीटी कपाशी संकरित असल्यानं दरसाल नवी पिशवी आणावी लागते. एकाच शेतात, दोन तासांच्या अंतरावर, एक पीक उघडं आणि एक बंद.

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याचं कलम ३९ शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचाही हक्क देतं. अट एकच: संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या पिशवीत घालून विकायचं नाही. मुक्त सॉफ्टवेअरची रीतही साधारण हीच. कोड घ्या, बदला, वाटा, फक्त दुसऱ्याचं नाव लावून विकू नका. जी मुभा आपल्या संसदेनं दाण्याला दिली, ती यंत्राला द्यायची आपली अजून तयारी नाही.

दिल्लीत काय झालं

अगदीच काही झालं नाही असं नाही. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला, कारण त्या सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनाला, २४ डिसेंबरला, पोर्टल सुरू झालं. मे २०२५ मध्ये भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं मोबाइल आणि घरगुती उपकरणांसाठी दुरुस्ती निर्देशांकाचा आराखडा सादर केला. वस्तू किती टप्प्यांत उघडते, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, माहिती आणि हत्यारं मिळतात का, सॉफ्टवेअरचे अपडेट किती काळ येतात, यावर गुण. गुण कंपनीनंच ठरलेल्या निकषांवर जाहीर करायचे आणि दुकानात, खोक्यावर क्यूआर कोडसह दाखवायचे. फ्रान्समध्ये असा दहापैकी गुणांचा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून आहे.

पण पोर्टल आणि निर्देशांक ग्राहकाला उद्देशून आहेत. पोर्टल उघडलं की कंपनीच्या सेवाकेंद्राची, वॉरंटीची माहिती मिळते. निर्देशांक खरेदीच्या वेळी उपयोगी. संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या गावात मात्र ग्राहक आणि वस्तू यांच्यामध्ये मिस्त्री उभा असतो, आणि या कागदांत त्याला फारसं स्थान नाही. युरोपात ते आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात येणाऱ्या नव्या फोनसाठी नियम असा: मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं मुख्य सुटे भाग मिळाले पाहिजेत, किमान पाच वर्षं अपडेट दिले पाहिजेत, आणि भाग बदलायला लागणारं सॉफ्टवेअर व्यावसायिक दुरुस्तीकाराला भेदभाव न करता मिळालं पाहिजे. ओरेगॉन राज्यानं २०२४ मध्ये, भाग अस्सल असूनही सॉफ्टवेअरनं तो नाकारायचा, या प्रकारालाच बंदी घातली.

आपला कायदा एका बाबतीत अमेरिकेपेक्षा सैल आहे, हेही सांगायला हवं. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ६५-अ डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण हेतू कॉपीराइट भंगाचा असेल तरच. मिस्त्रीला तुरुंगाचं भय कमी. त्याला अडवते ती माहितीची टंचाई.

तालुक्याचा संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालू स्थितीतले कितीतरी संगणक त्या दिवशी कागदोपत्री म्हातारे झाले. अशा यंत्रांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली टाका, असं सांगणारी 'एंड ऑफ टेन' मोहीम केडीईसारख्या प्रकल्पांच्या लोकांनी चालवली. लिनक्स टाकून देणं तालुक्यातल्या दुकानाला अवघड नाही. पेनड्राइव्ह आणि तासभर वेळ लागतो.

अडचण दुसरीकडे आहे. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमानं गावोगावच्या पोरांना संगणकावर बसवलं, हे मोठंच काम. पण बसवलं ते विंडोज आणि ऑफिससमोर. केरळनं सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर नेलं, म्हणून तिथल्या शिक्षकाला लिनक्सची भीती नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिब्रेऑफिस, लिनक्स असे विषय मराठीतून शिकवणारे धडे कधीचे तयार ठेवलेत. ते उघडणारे हात कमी.

दुसरी अडचण आपण स्वतःच करून ठेवलेली. डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुन्या फाँटमध्ये जुळवली, फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी कंस आणि टिंबं. जुळवणीचा प्रोग्रॅम एका डोंगलवर चालतो. डोंगल गेला की दुकान बंद. या गाठी युनिकोडनं आणि मुक्त परवान्याच्या फाँटनं सुटतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट कुणालाही वापरता, बदलता येतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून याच पायावर उभा आहे.

आणखी एक गल्लत अलीकडे वाढली आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल झोहो या भारतीय कंपनीकडे गेली आणि स्वदेशीचा गजर झाला. स्वदेशी चांगलंच, पण स्वदेशी म्हणजे मुक्त नव्हे. कुलूप अलीगढचं असलं तरी किल्ली आपल्याकडे नसेल तर दार बंदच. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं २०२४ मध्ये ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर न्यायचं ठरवलं, तेव्हा भर नुसता कंपनीच्या देशावर नव्हता, किल्लीवर होता. आपल्या केंद्र सरकारचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरणही २०१५ पासून कागदावर आहेच.

फोनकडेही लक्ष हवं. गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की अँड्रॉइडवर बाहेरून टाकायच्या अ‍ॅपच्या कर्त्यालाही गूगलकडे ओळख नोंदवावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून चार देशांत, नंतर इतरत्र. फसवणूक रोखायची हे कारण खरं आहे. पण मुक्त अ‍ॅपचं भांडार चालवणाऱ्या एफ-ड्रॉइडनं विचारलं तेही खरं: फोन माझा, तर परवानगी कुणाची?

वही लिहिणारा दमला तर

या चळवळीची दुखरी बाजू मार्च २०२४ मध्ये दिसली. एक्सझेड हे फाइल आवळणारं लहानसं साधन जगभरच्या सर्व्हरांत आहे, आणि ते सांभाळणारा माणूस एकटा. दमलेला. मदतीला म्हणून आलेल्या कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खटकलं म्हणून ते सापडलं. कोड उघडा होता म्हणून सापडलं, हे खरं. सांभाळणाऱ्याला वाऱ्यावर सोडलं होतं म्हणून घडलं, हेही तितकंच खरं. ऑक्टोबर २०२४ मध्ये झेरोधा या शेअर दलाली कंपनीनं अशा प्रकल्पांसाठी दरसाल दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तो या जाणिवेतूनच. मिस्त्रीच्या वहीसाठी असा निधी नाही. त्याचा पोरगा पुण्याला गेला की वही रद्दीत.

आता तो पोत्यातला डबा. राज्य सरकारची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ मध्ये आली. शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. दुरुस्तीची हमी पाच वर्षं. पॅनेल मात्र पंचवीस वर्षं चालेल असा हिशेब आहे. पाच वजा केली तर वीस उरतात. त्या वीस वर्षांत कंट्रोलर कोण उघडणार? २०२९-३० च्या रब्बीपासून हमी संपू लागेल, तेव्हा हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा राहणार नाही.

यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. पंपाचे बहुतांश पैसे सरकार देतं, तर निविदेत एक अट वाढवता येईल: हमी संपताच त्या कंट्रोलरचा सर्किट आराखडा, एरर कोडचे अर्थ आणि सेटिंगचा पासवर्ड कुठल्याही मिस्त्रीला खुला. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये तो शिकवायचा. शंभर शेतकऱ्यांपैकी एकही तो आराखडा वाचणार नाही, आणि त्याची गरजही नाही. तालुक्यात वाचणारा एक असला की झालं. स्टॉलमन यांची उघडून शिकायची मोकळीक खरं तर त्या एकासाठीच आहे.

मी निघालो तेव्हा मिस्त्री वहीत नवं पान लावत होता. वर त्यानं मोटारीचा मेक लिहिला, खाली फेरे, गेज. सौर कंट्रोलरचं पान त्या वहीत अजून नाही.