केळ्याच्या जागी पान

खाऊ दिला की जनावर शिकते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण तो खाऊच बदलला तर? 1928 साली अमेरिकेत टिंकलपॉ या मानसशास्त्रज्ञाने माकडाच्या देखत भांड्याखाली केळे ठेवले आणि मग पडद्याआड ते काढून तेथे सॅलडचे पान ठेवले. एरवी माकड हे पान मुकाट्याने खाई. आता मात्र भांडे उचलताच ते थबकले, पानास शिवले नाही, इकडेतिकडे केळे शोधू लागले. एखादे माकड तर माणसावरच किंचाळले! पान तेच होते, अपेक्षा निराळी होती.

उंदरांतही क्रेस्पी यांना 1942 साली हेच आढळले. भरपूर खाद्याला सोकावलेले उंदीर, ते घटताच, पहिल्यापासून थोडक्यावर धावणाऱ्या उंदरांहूनही मंदावले.

आपल्याकडील नमुना बंदीपूरच्या अरण्यातला आहे. बेंगळुरूच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडीजमधील अनिंद्य सिन्हा व सहकाऱ्यांनी तेथील टोपीवाल्या माकडांविषयीचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध केले. ही माकडे माणसापुढे हात पसरतात, 'कू' असा मंजुळ स्वर काढतात, तोंडाकडे पाहत थांबतात आणि खाऊ मिळाला की याचना थांबवितात. ही विद्या प्रवाशांच्या खाऊनेच शिकविली, असे म्हणावयास हरकत नसावी.

गच्चीवरच्या माकडाला रविवारी केळे देऊन सोमवारी काकडीची साल पुढे करणाऱ्या गृहिणीने त्याच्या दातांचा राग धरू नये. टिंकलपॉचाच प्रयोग तिने घरी केलेला असतो.