कुकरच्या तीन शिट्ट्या आणि एक ओळ

बसथांब्यावर उभे असताना, भांडी घासताना किंवा कुकरच्या शिट्ट्या मोजताना एखादी छान कल्पना सुचते. रात्री वही घेऊन बसावे, तर ती आठवत नाही. 'काहीतरी चांगले सुचले होते' एवढेच आठवते. नोकरी आणि घर सांभाळून लिहू पाहणाऱ्या अनेकांचा हा अनुभव आहे. त्यामागचे कारण विसराळूपणापेक्षा मेंदूच्या रचनेत अधिक आहे.

हातातले काम सवयीचे असले, की मन भटकू लागते. कोणत्याही ठरावीक कामात आपण गुंतलेलो नसताना मेंदूचे काही भाग अधिक सक्रिय असतात, हे अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञ मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. या भागांना 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. जुन्या आठवणी, इतरांविषयीचे विचार, उद्याची आखणी यांच्याशी त्यांचा संबंध आहे. लेखनाचा कच्चा मालही हाच.

चालण्याचाही उपयोग होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०१४ मधील प्रयोगांत, बसलेल्या माणसांपेक्षा चालणाऱ्यांना सरासरी ६० टक्के अधिक नव्या कल्पना सुचल्या. एकच अचूक उत्तर शोधायचे असेल, तेव्हा मात्र चालण्याचा असा फायदा दिसला नाही. म्हणजे विषय चालताना सुचावा आणि लेख बसून लिहावा, हे बरे.

अडचण पुढे आहे. सुचलेले टिकत नाही. १९५९ मध्ये लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी लोकांना फक्त तीन अक्षरे लक्षात ठेवायला सांगितली आणि लगेच उलटे आकडे मोजायला लावले. अवघ्या १८ सेकंदांत बहुतेक वेळा ती अक्षरे पुसली गेली होती. मनात घोळवायला मिळाले नाही, तर तीन अक्षरांची ही गत! मग बस आली, फोन वाजला, की कल्पनेचे काय होणार?

चार्ल्स डार्विन यांनी यावर साधा नियम केला होता. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली वा सुचली, की ते ती ताबडतोब टिपून ठेवत. अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

त्यासाठी महागडी वही लागत नाही. बसच्या तिकिटाची मागची बाजू चालते, मोबाइलवर आवाज मुद्रित केला तरी चालतो. मात्र 'पावसावर लेख' असे मोघम लिहू नये. 'छत्री दुरुस्त करणारा स्वतः भिजत बसला होता' असे लिहावे. नेमका तपशील असला, की आठवड्यानेही त्यामागचा प्रसंग उभा राहतो. आठवड्यातून एकदा, वीस मिनिटे काढून या टिपा वाचाव्यात. बऱ्याच निरुपयोगी ठरतील. दोन-तीन पुरतात.

गाडी चालवताना किंवा रस्ता ओलांडताना मात्र टिपत बसू नये. मनातच दोन-तीनदा घोळवून थांबल्यावर लिहावे. आणि मोकळी मिनिटे मोबाइलवर बोट फिरवण्यात गेली, तर मनाला भटकायला जागाच उरत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत तरी तो खिशात राहू द्यावा. एखादी ओळ सुचलीच, तर ती टिपण्यापुरता बाहेर काढावा.